तीन चाकं, एक माप

चप्पल घ्यायला गेलो की आपण आधी नंबर सांगतो. सहा नंबरच्या पायाला सात नंबरची चप्पल दुकानदाराने "चालेल हो बाई, जरा सैल बरी असते" असं म्हणून कितीही गोड बोलून दिली, तरी आपण घेत नाही. दोनदा पायात घालून, चार पावलं चालून, अंगठा दाबून बघतो. मग ज्या गाडीवर घराचं पोट चालतं, तिचे टायर घेताना मात्र "ते पुरुषांचं काम" म्हणून आपण पिशवी सावरत बाजूला का उभ्या राहतो?

मैत्रिणींनो, आपल्या बारामती-इंदापूरकडे तीनचाकी नाही अशी गल्ली दाखवा. कुणाकडे तीन आसनी रिक्षा, कुणाकडे हौदा असलेला टेम्पो. पालेभाजी, दुधाचे कॅन, भिगवणची मासळी, डाळिंबाचे क्रेट, लग्नातली भाड्याची भांडी आणि शाळेची पोरं, सगळं ह्या तीन चाकांवर. आणि ह्यातल्या बऱ्याच गाड्या तर आपल्या माहेरच्याच म्हणायच्या. पियाज्यो ह्या इटालियन कंपनीचा ॲपे गाड्यांचा कारखाना आपल्या बारामतीच्या एमआयडीसीत आहे. १९९९ पासून ही गाडी इथल्या रस्त्यावर आली. मूळ ॲपे इटलीत १९४८ साली निघाली. ह्याच कंपनीची 'व्हेस्पा' स्कूटर तिच्या दोन वर्षं आधीची. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. एक नुसती फिरणारी, दुसरी ओझं वाहणारी! नाव ठेवणारा संसारी माणूस असावा.

ह्या विषयात मी पडले ती माझ्या धाकट्या नणंदेमुळे. वन्संना निमगाव केतकीला दिलंय. भाऊजींचा मालवाहू ॲपे आहे, डाळिंबाच्या हंगामात इंदापूरच्या बाजाराला रोज फेऱ्या असतात. ऐन हंगामाच्या तोंडावर मागचे दोन्ही टायर पार गोटा झाले. नवीन घ्यायचे तर टायर, ट्यूबा, मजुरी असा सगळा खर्च, आणि हाताशी पैसे होते ते मुलीच्या कॉलेजच्या फीचे. त्यात एका टायरवाल्याने सुचवलं, की लहान मोटारीचे जुने टायर रिंगांसकट आहेत, बारा इंची आहेत, मागे बसवून देतो. दोन टायर एका नव्या टायरच्या पैशांत. वर म्हणाला, "गाडी उंच होईल, पळेल जास्त, मालही जास्त बसेल." भाऊजींचं मन बसलं होतं. वन्संनी रात्री मला फोन केला. "वहिनी, तुम्ही शाळेत गणित शिकवता ना? मग मला एवढं सांगा, चाक मोठं झालं की फायदा का तोटा?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायला मला वही-पेन्सिल घेऊन बसावं लागलं.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिकू. टायरच्या कडेवर ते इंग्रजीत ठसठशीत उठवलेले असतात. मालवाहू ॲपेच्या टायरवर साधारण '४.५०-१०' असं असतं. त्यातलं ४.५० म्हणजे टायरची रुंदी इंचांत, आणि १० म्हणजे आतल्या रिंगेचा व्यास, तोही इंचांत. बजाजच्या छोट्या प्रवासी रिक्षेला वर्षानुवर्षं '४.००-८' लागत आलाय. म्हणजे चार इंच रुंद, आठ इंची रिंग. आठच्या रिंगेवर दहाचा टायर बसत नाही, दहाच्या रिंगेवर आठचा चढत नाही. हे बांगडीसारखं आहे, साबण लावून उपयोग नाही.

ह्या जुन्या पद्धतीच्या मापात टायरची उंची त्याच्या रुंदीइतकीच धरतात. म्हणून पूर्ण चाकाचा व्यास काढायला रिंगेत रुंदी दोनदा मिळवायची, एकदा वरची आणि एकदा खालची. १० अधिक ४.५ अधिक ४.५, म्हणजे १९ इंच. हे ढोबळ हं. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. पण आपल्या हिशेबाला पुरतं.

लहान मोटारींच्या टायरचं लिहिणं वेगळं. '१४५/८० आर १२' असं असेल तर रुंदी १४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे ११६ मिलिमीटर, आणि रिंग १२ इंची. रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिंग इंचांत! एका घरात दोन सासवा असाव्यात तसा प्रकार. 'आर' म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची विणच निराळी. आता व्यास काढा. १२ इंचांचे ३०५ मिलिमीटर, त्यात ११६ दोनदा, झाले ५३७ मिलिमीटर. आपले १९ इंच म्हणजे ४८३ मिलिमीटर. फरक ५४ मिलिमीटरचा. शेकडा ११.

शेकडा अकराने काय होतं ते वन्संना मी असं सांगितलं. इंजिन तेच, गिअर तेच. चाक मोठं झालं, की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, हे खरं. पण तेवढाच जोर लांब दांड्यावर लावल्यासारखं होतं, आणि जमिनीवर मिळणारी ओढ सुमारे दहावा हिस्सा कमी होते. मोकळ्या गाडीला सपाटीवर कळणार नाही. पण भरलेला हौदा घेऊन कालव्याच्या पुलाचा चढ आला, की तीच गाडी खालच्या गिअरवर धापा टाकणार. मग डिझेल कुठलं वाचतंय?

ब्रेकचंही तेच. ब्रेकचा ड्रम आहे तेवढाच. चाक मोठं झालं की त्याच दाबाला मागच्या चाकांची थांबवायची ताकद त्याच प्रमाणात घटते. आणि टायरवाला म्हणत होता, "मालही जास्त बसेल!" माल वाढवायचा आणि ब्रेक कमी करायचा, हे कुठलं शहाणपण?

आता उंची. व्यास ५४ मिलिमीटरने वाढला, तर गाडी मागून २७ मिलिमीटर उचलली जाणार, म्हणजे इंचभराहून थोडी जास्त. "इंचाने काय होतंय वहिनी?" असं वन्संनी विचारलंच. चारचाकी गाडी चौरंगासारखी असते, तीनचाकी तिवईसारखी. तिवईवर घागर ठेवून बघा. मधोमध असली तर ठीक, जरा एका अंगाला सरली की कलंडते. तीनचाकीला पुढे एकच चाक, त्यामुळे वळणावर पुढच्या कोपऱ्यांना आधार नसतो. क्रेट चार थर रचलेले, वळण घाईने घेतलेलं, अशा वेळी ओझ्याची उंची एकेक इंचाने महाग पडते. मागून गाडी उचलली की थोडा भार पुढच्या एकट्या चाकावरही सरकतो, आणि वळवायचं काम तर त्या एकट्याचंच.

आणि जी गोष्ट मला बाई म्हणून सगळ्यात आधी सुचली, ती त्या टायरवाल्याला सुचलीच नव्हती. स्टेपनी! ॲपेला काय किंवा रिक्षेला काय, साधारणपणे तिन्ही चाकांचं माप एकच असतं, म्हणून एक स्टेपनी तिन्ही जागी चालते. ही सोय केवढी मोठी आहे! मागची दोन बारा इंची केली की पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी एक, अशा दोन स्टेपन्या बाळगा. नाहीतर पालखीच्या गर्दीत, सणसर ते अंथुर्णे अशा रस्त्यावर, पंक्चर गाडी घेऊन बसा.

मीटरचा हिशेब मी मुद्दाम राखून ठेवला होता, कारण वन्सं डिझेलची वही लिहितात. गाडीचं किलोमीटरचं मीटर मागच्या चाकांच्या गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर ते फक्त फेरे मोजतं. १९ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे दीड मीटर. मीटरला वाटतं चाक तेवढंच आहे. मोठ्या चाकावर गाडी खरी १० किलोमीटर जाईल तेव्हा मीटर ९ दाखवेल. म्हणजे वहीत ॲव्हरेज पडलेलं दिसणार, घरात "डिझेल कुठं जातंय?" म्हणून कुरबुर, आणि ऑइल बदलायची वेळही मागे पडणार. पुढच्या चाकाला केबल असेल तर हा घोळ होत नाही. तेव्हा केबल कुठून येते ते आधी बघा.

उलट झिजलेल्या टायरवर मीटर पुढे पळतं. टायरची नक्षी सात मिलिमीटर झिजली की व्यास चौदाने घटतो, म्हणजे जवळजवळ तीन टक्के. भाड्याचं मीटर असलेल्या रिक्षेत गोटा टायरवर गिऱ्हाइकाला तेवढं जास्त मोजावं लागतं. आपल्याकडे मीटर कुठं टाकतात म्हणा, "स्टँडचे किती?" असाच मामला.

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल मनाने करता येत नाहीत. मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जात तर टायर किती, कोणत्या मापाचे, किती प्लायचे, ह्याचा वेगळा रकानाच असतो. गाडी पासिंगला नेली आणि तपासणाऱ्या साहेबांनी ते बघितलं, की परत पाठवणार. अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. दंडाची भीती दाखवायची म्हणून मी हे लिहीत नाही. पण पासिंग एकदा चुकलं की गाडी दारात उभी राहते, आणि दारात उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

'प्लाय' हा शब्द आला, तर तेही सांगते. टायरवर '६ पीआर', '८ पीआर' असं असतं. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असत आणि हा आकडा त्या थरांचा असे. आता नायलॉनचे थर कमी असले तरी ताकद तेवढी, म्हणून आकडा तसाच राहिला. मालवाहू गाडीला कंपनीने ८ सांगितला असेल आणि दुकानात ६ चा स्वस्त मिळाला, तर माप जुळूनही तो टायर चुकीचाच. गोधडीच्या मापाची चादर घेऊन थंडी भागत नाही. आणि उलटपक्षी, जास्त प्लायचा टायर घातला म्हणून गाडीची ओझ्याची परवानगी वाढत नाही, कारण आस, पाटे आणि ब्रेक आहेत तेच.

एवढ्या सगळ्यावर भाऊजी म्हणाले, "मग एकच नवा घेतो, एक जुना राहू दे." हेही नको म्हणून सांगावं लागलं. मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाचे दाते असतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, ते सांभाळायचं त्यांचं काम. एका बाजूला नवा उंच टायर आणि दुसऱ्या बाजूला गोटा झालेला असला, की सरळ रस्त्यावरही त्या दात्यांना विसावा नाही, आणि गाडी एका अंगाला ओढते. मागची जोडी बदलायची तर जोडीनेच. त्याच कारणाने एका आसावर एक रेडियल, एक साधा, असंही करू नये.

शेवटी त्यांनी मागचे दोन नवे घेतले, ४.५०-१०, ८ पीआरचेच. जुन्या दोहोंपैकी एकही स्टेपनीच्या लायकीचा नव्हता. आधीची स्टेपनी बरी होती, ती राहिली. पुढचा टायर अजून सहा महिने जाईल असा निघाला. फीचा अर्धा हप्ता कॉलेजने महिनाभर थांबवून घेतला आणि उरलेले वन्संनी भिशीतून उचलले. महिनाभर ओढाताण झाली, नाही असं नाही.

टायर घेताना वन्संनी दुकानात जे बघितलं, ते तुम्हीही बघा. एक म्हणजे आयएसआयची खूण. आपल्या देशात ती टायरवर सक्तीची आहे. दुसरं म्हणजे जन्मतारीख! टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. '२३२४' असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. लोणच्याच्या बाटलीवरची तारीख आपण बघतो, मग ही का नाही? रबर नुसतं पडूनही कडक होतं, बारीक भेगा पडतात. दुकानदाराने "नवाकोरा" म्हणून दिलेला टायर चार वर्षं माळ्यावर पडलेला असू शकतो. आणि तिसरं, बिल. बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, नाहीतर टायर फुगला, सोलला तर गॅरंटी कुणाकडे मागणार?

रिक्षेची रिंग पुष्कळदा दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असते. अशा रिंगेत ट्यूब हवीच, 'ट्यूबलेस'च्या गप्पा तिथं नकोत. आणि ती उघडताना आधी हवा पूर्ण काढायची, मगच नट सैल करायचे. भरल्या हवेत नट सोडले तर रिंगेचा तुकडा तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. घरच्या अंगणात धाकटी पोरं कौतुकाने बघत उभी असतात, त्यांना आधी आत घ्या.

टायर झिजला किती हे बघायला यंत्र नको. नक्षीच्या खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. दोनचाकी-तीनचाकीला नियमाने किमान ०.८ मिलिमीटर खाच लागते, म्हणजे जेमतेम तिळाच्या जाडीइतकी. मला विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर तेवढ्यावर विसंबू नका. ऊसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांतून पाचट आणि माती सांडते, वर दोन थेंब पडले की शेवाळावर चालल्यासारखं होतं.

झीज कुठे झाली तेही वाचता येतं, चपलेचा तळ वाचतो तसंच. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड झिजली असेल तर चाक वाकडं चालतंय, गॅरेजला दाखवा. हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची. किती, तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. भरलेल्या आणि मोकळ्या गाडीचा निरनिराळा असेल तर दोन्ही कागदावर लिहून गाडीत डकवून ठेवा. कमी हवेत टायरच्या भिंती सारख्या दुमडतात, तापतात आणि उन्हाळ्यात भर दुपारी फुटतात.

तुमची स्वतःची स्कूटर असेल तर हाच हिशेब तिलाही लावा. जुन्या स्कूटरवर '३.५०-१०' असतं आणि दुकानदार '९०/१००-१०' देतो, तेव्हा घाबरू नका. साडेतीन इंच म्हणजे ८९ मिलिमीटर, आणि नव्या मापात रुंदी ९०, उंची तिच्या १०० टक्के म्हणजे ९०च. दोन्हींचा व्यास ४३२ आणि ४३४. हे एकाच बाईचं माहेरचं आणि सासरचं नाव आहे. त्यापुढे '५३ जे' असेल तर ५३ हा ओझ्याचा आकडा, एका टायरला २०६ किलो, आणि 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवीन टायरवर हे आकडे आधीच्याहून कमी नसावेत, एवढं बघा.

आमच्या शाळेत एक बाई आहेत, पायाने अधू, स्कूटरला दोन्ही बाजूंना जोडचाकं लावून रोज येतात. त्यांच्यासारख्या मैत्रिणींना एक वेगळी सूचना. मागच्या मुख्य चाकाला जरा मोठ्या व्यासाचा टायर बसवला, की बाजूची चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि आधार नेमका थांबताना जातो. तेव्हा मुख्य चाकाचा टायर बदलला की तिन्ही चाकं सपाट फरशीवर टेकतात का, हे गाडीवर बसून, दुकानातच बघून घ्यायचं. गडबड करणाऱ्या दुकानदाराकडे लक्ष देऊ नका.

आता राहिले जुने टायर. आपल्याकडे ते बंबात घालायची वाईट सवय आहे. दोन तुकड्यांत पाणी कढत होतं खरं, पण तो काळा धूर लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत जातो. गच्चीवर टाकाल तर त्यात पावसाचं पाणी साठून डेंग्यूचे डास होतात, कारण स्वच्छ साठलेलं पाणीच त्यांना लागतं. टायरवालाच जुने परत घेतो, त्याचे थोडे पैसेही वजा करून देतो, विचारून बघा. कोरफड लावायला ठेवायचाच असेल, तर खालच्या अंगाला आधी चार-पाच भोकं पाडा आणि कडेच्या पोकळीत माती ठासून भरा, म्हणजे पाणी साठायला जागा राहत नाही.